सोडली, साहेब

"'मी मीटिंगला जाऊ नये म्हणून नवरा माझ्या चपला पत्र्यावर फेकून द्यायचा. मग मी अनवाणीच जायचे.' इथे जरा थांबायचं हं, ताई. लोकांच्या मनात ते उतरू द्यायचं." ऋचा मॅडमनी मोबाइलवरची नजर उचलून दीपमालाकडे पाहिलं. "जमेल ना?"

विश्रांतवाडीच्या समाजमंदिरात मुक्ताई बचत गटाच्या बाया गोल करून धने निवडत बसल्या होत्या, आणि गटाला मदत करणाऱ्या संस्थेच्या मेळाव्यात अध्यक्ष म्हणून दीपमालाने काय बोलायचं ते संस्थेच्या ऋचा मॅडम वाचून दाखवत होत्या. सुरुवातीला दारूचं आलं तेव्हा बायांच्या गप्पा चालूच होत्या. दारूत नवीन काय होतं? पण चपलांचं आलं आणि गप्पा बंद झाल्या. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. फक्त पूर्णिमाचे चालू राहिले. मान खाली घालून ती सुपातले खडे वेचत राहिली.

"मॅडम, हे माझं म्हणून लिहिलंय का?" दीपमालाने विचारलं.

"तुमचंच आहे ना, ताई. मी फक्त नीट मांडलंय." ऋचा मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "मागे मी एकेकीशी बोलले ना, तेव्हा कळलं मला. कुणी सांगितलं ते विचारू नका. स्वतःचं स्वतः सांगणं जड जातं, आय नो. तुम्ही तर माझ्याशी नुसतं मसाल्याबद्दलच बोललात. पण तुमची स्टोरी ऐकून किती जणींना बळ येईल, बघा."

ऋचा मॅडम मनाने चांगल्या होत्या. कोथरूडहून स्कूटरवर यायच्या, बायांच्या डब्यातलं खायच्या, कुणाच्या मुलीचं शाळेत अडलं तर स्वतः जाऊन भांडायच्या. आणि मेळावाही साधासुधा नव्हता. स्वारगेटजवळच्या मोठ्या सभागृहात, देणगी देणाऱ्या पाहुण्यांसमोर, चार-पाच गटांच्या अध्यक्षा आपापलं मनोगत सांगणार होत्या. त्यांतल्या एका गटाला मिरची कांडपाचं यंत्र मिळणार होतं. मुक्ताई गटाचा मसाला चांगला खपायचा, पण कांडायला दुसऱ्याच्या दारात जावं लागायचं. उन्हाळ्यात गर्दी झाली की तो कांडपवाला यांना सगळ्यांत शेवटी घ्यायचा. स्वतःचं यंत्र आलं तर गटाच्या बायांचे निम्मे हेलपाटे वाचणार होते.

"बघते," दीपमाला म्हणाली.

निघताना तिने पूर्णिमाला गाठलं. पूर्णिमा यवतमाळकडची. नवरा रंगकाम करायचा. काम असलं की प्यायचा, नसलं की जास्त प्यायचा. ती अनवाणी पायांनी मीटिंगला यायची तेव्हा कुणी काही विचारायचं नाही. कुणीतरी आपल्या चपला तिच्याकडे सरकवायची, एवढंच.

"तू सांगितलंस?"

"नाव नाही घेतलं मी कोणाचं," पूर्णिमा खालच्या आवाजात म्हणाली. "आमच्या गटातली एक बाई आहे, तिचं असं असं होते, एवढंच म्हटलं. मॅडमले वाटलं तुम्हीच."

"उद्या फोन करून सांगते त्यांना, माझं नाही म्हणून."

"मंग त्या विचारतीन, कोणाचं? गटात हायच किती जणी." पूर्णिमा चालता चालता थांबली. रस्त्यावरून आळंदीकडे जाणारी बस गेली, तिचा आवाज विरल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमचं म्हणून सांगून टाका न. तुमच्या घरी काही नाही होत. भाऊजी देवमाणूस आहे. माह्या घरी हे कळलं त मले जिवंत नाही ठेवणार."

"अगं, पण खोटं..."

"खोटं कुठं आहे? झालंच आहे न ते." तिने पदराने तोंड पुसलं. "कोणीतरी एकदा मोठ्यानं बोललं पाह्यजे, ताई. मले नुसतं बसून ऐकाचं आहे."

दीपमाला घरी आली तेव्हा तिचा नवरा उत्तरेश्वर गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होता. लातूरकडून दोघं पुण्यात आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आधी तो भोसरीच्या एका कारखान्यात होता. तो बंद पडल्यावर विश्रांतवाडीतल्याच एका सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून लागला. माणूस कमी बोलणारा. राग आला की बोलणं अजूनच कमी व्हायचं, आणि तो राग दोन-दोन दिवस घरात पाहुण्यासारखा बसून राहायचा. पण बचत गटात जा म्हणून दीपमालाच्या मागे लागला होता तोच. सोसायटीतल्या कुणा बाईंनी गटाबद्दल सांगितलं, आणि घरी येऊन तो म्हणाला, "चार बायकांत बस जरा. दिवसभर भिंतीशी बोलायलीस." ती सही करायला लाजायची, तर त्याने जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला तिचं नाव गिरवून घेतलं होतं. मीटिंगच्या दिवशी भाकरी तोच थापायचा. जाड थापायचा, पण थापायचा.

हे सगळं तिने ऋचा मॅडमना का सांगितलं नव्हतं? त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

तिने त्याला झालेलं सांगितलं. त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"त्यात मी पितो?"

"हो."

"देशी का विंग्रजी?"

"तुम्हाला चेष्टा सुचायली."

"आणि मारतो?"

दीपमालाने होकारार्थी मान हलवली. उत्तरेश्वरने शर्ट हँगरला लावला, बटणं एकेक करून लावली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने एकदा जेवणाचं ताट भिरकावलं होतं. दोघांनाही ते आठवलं असावं, कारण तो म्हणाला, "ताटाचं सांगितलं असतंस तर खरं तरी झालं असतं."

"मी नाहीच म्हणून सांगते."

"पूर्णिमाला ऐकायचंय म्हणायलीस ना?"

"हो."

"मग सांग. मला काय व्हायलंय. तिथं कोण मला ओळखतंय." जरा वेळाने त्याने पुढे जोडलं, "मी काही येणार नाही. ड्युटी आहे."

मेळाव्याच्या दिवशी सगळ्या जणी गटाच्या जांभळ्या साड्या नेसून बसने स्वारगेटला उतरल्या. पूर्णिमाही आली होती. घरी तिने जेवण आणि साडीवाटप आहे असं सांगितलं होतं. सभागृह भरलेलं होतं. आधीच्या तिघी बोलल्या त्या पाठ केलेलं बोलल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मोबाइल काढले.

दीपमालाने माईकसमोर कागद उलगडला. पहिली चार वाक्यं तिने वाचली. मग तिची नजर वर गेली आणि जांभळ्या रांगेत पूर्णिमा दिसली. हात मांडीवर, डोळे सरळ तिच्याकडे. त्यानंतर कागदावर काय होतं ते दीपमालाने वाचलंच नाही. तिला जे डोळ्यांनी दिसलं होतं तेच ती बोलत गेली. भर उन्हात डांबरावरून येताना बाई कशी सावलीसावलीने पाय टाकते, ते सांगितलं. हातावरचा वळ झाकायला उकाड्यात पूर्ण बाह्यांचं पोलकं घालते, आणि कुणी विचारलं तर सर्दी आहे म्हणते. घरात लहान मुलगी बापाची चाहूल लागली की आधी पुस्तकं लपवते, मग स्वतः लपते. बोलताना ती कधी 'मी' म्हणत होती, कधी 'बाई' म्हणत होती. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा होता. पूर्णिमा रडत नव्हती. पाठ ताठ करून बसली होती, एखाद्या सत्कारमूर्तीसारखी.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. प्रमुख पाहुणे उठले, स्वतः माईककडे आले. मोठे उद्योजक होते, आणि त्यांना मनापासून भरून आलेलं दिसत होतं.

"या ताईंचे यजमान आलेत का?"

नाही, असं दीपमाला सांगणार होती. एवढ्यात मागच्या दाराजवळची एक खुर्ची करकरली आणि गणवेशातला उत्तरेश्वर उभा राहिला. सहकाऱ्याला दुपारपुरतं गेटवर बसवून तो तसाच आला होता. बायको एवढ्या लोकांसमोर बोलणार म्हणताना त्याला राहवलं नव्हतं. गुपचूप ऐकून निघून जायचा त्याचा विचार होता. पण नाव पुकारल्यासारखं झालं आणि आयुष्यभराच्या सवयीने तो उभा राहिला.

सगळ्या माना मागे वळल्या. मोबाइलही वळले.

"यायला हिंमत लागते. कौतुक आहे तुमचं," पाहुणे म्हणाले. "आता सगळ्यांसमोर सांगा. सोडलीत ना दारू?"

दीपमाला माईकपासून दोनच हातांवर होती. पण रांगेत पूर्णिमा बसली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

उत्तरेश्वरने दोन्ही हात जोडले.

"सोडली, साहेब."

पुन्हा टाळ्या झाल्या. तो बसला, टोपी मांडीवर घेतली आणि तिच्याकडेच बघत राहिला.

यंत्र मुक्ताई गटाला मिळालं. समाजमंदिरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बसवलं, नारळ फोडला. त्याच सुमारास मेळाव्याचा व्हिडिओ मोबाइलवरून मोबाइलवर फिरत उत्तरेश्वरच्या सोसायटीत पोचला. गेटमधून गाड्या काढताना कॉलेजची पोरं काच खाली करून म्हणायची, "काय काका, सोडली ना?" एक आजी रोज त्याच्याशी दोन शब्द बोलायच्या, त्या नातीला घेऊन लगबगीने आत जाऊ लागल्या. यातलं काही उत्तरेश्वरने घरी सांगितलं नाही. सुरक्षा एजन्सीने त्याला त्या गेटवरून काढून लोहगावच्या एका गोदामावर टाकलं, तेही त्याने आपणहून सांगितलं नाही. तो रोज सायकल उलट्या दिशेने वळवतो, हे दीपमालाला शेजारणीकडून कळलं.

ती तडक सोसायटीच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरी यज्ञेश्वरराव बँकेतून निवृत्त झालेले, शनिवार पेठेतलं घर सोडून इकडे राहायला आलेले. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"साहेब, आमचे हे पीत नाहीत. कधीच प्याले नाहीत."

यज्ञेश्वररावांनी चष्मा काढला. "बाई, प्यायचे हे आपणच सांगितलंत. माईकवरून. आणि सोडली हे त्यांनी सांगितलं. आता आपण म्हणता, कधीच घेतली नाही. मी नेमकं कुठलं खरं धरू?"

दीपमाला खुर्चीच्या कडेवर सरकली.

"माझी व्यक्तिशः काही तक्रार नाही. माणूस वेळेवर यायचा. पण इथे लहान मुली आहेत. सभासद विचारतात, बायकोवर हात उचलणारा माणूस तुम्ही गेटवर बसवलात कसा? याला माझ्याकडे उत्तर नाही." ते थांबले. "आपल्याकडे असेल तर सांगा. मी ऐकतो."

उत्तर तिच्याकडे होतं. एका नावाचं होतं. ते जिभेवर आलं, आणि तिने ते गिळलं. बाहेर आल्यावर गेटवरच्या नव्या मुलाने वहीत तिच्या जाण्याची वेळ लिहिली आणि सही मागितली.

संध्याकाळी ती नवऱ्यासमोर बसली, सोसायटीत जाऊन आले म्हणाली. "मला सांगितलं का नाही?"

"सांगून तू काय केलं असतंस?"

"जाऊन खरं सांगितलं असतं."

"सांगितलंस का आज?"

उत्तरेश्वरने ताटातली भाकरी मोडली. "मग झालं की. गोदामात बरं आहे. माणसं कमी हायत."

पण तो बराच वेळ तुकडा हातात धरून बसला, खाल्ला नाही. गेटवर असताना त्याला माणसांचं वेड होतं, हे तिला माहीत होतं. कुणाचा पोरगा बोर्डाला बसलाय, कुणाच्या घरी आजारपण आहे, सगळं त्याच्याकडे असायचं. घरी न बोलणारा माणूस तिथे बोलायचा.

उन्हाळा सरत आला असताना एका सकाळी पूर्णिमा मुलीचा हात धरून आणि एक पिशवी घेऊन दीपमालाच्या दारात उभी राहिली. ओठ फुटला होता. दीपमालाने काही न विचारता दोघींना आत घेतलं. तासाभरातच पूर्णिमाचा नवरा आला. सकाळीच पिऊन आला होता. उत्तरेश्वर ड्युटीवर निघायच्या तयारीत होता. तो दारात जाऊन उभा राहिला. गल्लीतले लोक आपापल्या उंबऱ्यावर आले.

"माह्या बायकोले बाहेर काढ," पूर्णिमाचा नवरा ओरडला.

"येणार नाही म्हणते ती."

"तू कोण रे मले शिकवणारा?" त्याने गल्लीकडे वळून हात केला. "हा शिकवते मले. साऱ्या पुण्याले माहीत आहे हा कसा आहे ते. याच्या बायकोनं माईकवर सांगितलं. व्हिडिओ आहे माह्याजवळ."

गल्लीत कुणी हसलं. आत दीपमाला उठली, पण पूर्णिमाने तिचा हात धरला. तिला ऐकायचं होतं.

उत्तरेश्वर दारातून हलला नाही. "म्हणून तर सांगायलोय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "माझ्याइतकं कोणाला कळंल? मी हात जोडून सोडली, हजार लोकांसमोर. लाज वाटली, पण सोडली. तू पण सोड. मग बघू."

भांडायला आलेला माणूस, त्याला भांडणच मिळालं नाही. तो आणखी थोडा वेळ शिव्या देत राहिला, मग गल्लीतल्या दोन बाप्यांनी त्याला दंडाला धरून वाटेला लावलं. उत्तरेश्वरने डबा घेतला, सायकल काढली आणि लोहगावच्या रस्त्याला लागला.

पुढच्या मीटिंगला पूर्णिमाने ऋचा मॅडमना ती गोष्ट आपलीच, हे आपल्या तोंडाने सांगितलं. कसलीही प्रस्तावना न करता, पसाभर मिरच्यांची देठं मोडता मोडता. ऋचा मॅडम ऐकत राहिल्या. मग उठून बाहेर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मिरचीचा खाट लागला असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. त्यांनी संस्थेच्या पानावरून व्हिडिओ काढायला लावला. पण तो तोवर किती जणांकडे गेला होता याची मोजदाद कुणाकडे होती? पूर्णिमाला पोलीस चौकीत घेऊन त्या स्वतः गेल्या. यज्ञेश्वररावांनाही भेटते म्हणाल्या. उत्तरेश्वरने हात जोडले.

"नको, मॅडम. तिथं आता एक पोरगं बसायलंय. त्याला उठवून मी कुठं बसू."

गणपतीच्या आधी मसाल्याच्या मागणीला जोर आला आणि गटाने नव्या बाया घेतल्या. पूर्णिमा आता शेडच्या शेजारच्या खोलीत मुलीला घेऊन राहत होती. कांडपाचं यंत्र तीच चालवायची. सुट्टीच्या दिवशी उत्तरेश्वर पोती उतरवायला यायचा. काम झालं की शेडच्या दाराशी खुर्ची टाकून चहाची वाट बघत बसायचा.

एक दिवस नव्यांपैकी एक, धानोरीची तरुण बाई, मुलीला कडेवर घेऊन आली. दारात त्याला पाहून तिची पावलं अडखळली. तिने पदर ओढून घेतला, मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि भिंतीला घासून, त्याच्यापासून जमेल तेवढं अंतर ठेवून आत शिरली. आत गेल्यावर तिने शेजारणीला हळूच विचारलं, "व्हिडिओतले तेच ना हे?"

दीपमाला तराजूजवळ होती. तिने ऐकलं. उत्तरेश्वरनेही ऐकलं असावं. तो उठला. खुर्ची उचलून दारापासून लांब, बायांच्या येण्याजाण्याच्या वाटेत येणार नाही अशी, कुंपणाच्या तारेजवळ नेऊन ठेवली. तिथे ऊन होतं. तो त्यातच बसला, टोपी डोळ्यांवर ओढून.

पूर्णिमाने यंत्राचं बटण बंद केलं. शेडमध्ये एकदम शांत झालं. तिने मिरच्यांचं सूप उचललं, सगळ्यांच्या देखत बाहेर गेली आणि त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर फतकल मारून देठं मोडायला बसली. जरा वेळाने उत्तरेश्वरही खुर्चीवरून खाली उतरला आणि सुपात हात घातला.